दीडशे टनांच्या शहराला तीनशे टनांची भट्टी?

पत्र : "आमच्या महानगरपालिकेची लोकसंख्या साडेतीन लाख. वजनकाट्यावर रोज १६० टन कचरा येतो. डेपोवर दीड लाख टनांचा जुना डोंगर आहे आणि तो दर उन्हाळ्यात पेटतो. आता सर्वसाधारण सभेपुढे कचऱ्यापासून वीज करण्याचा विषय आला आहे. रोज ३०० टन जाळायचे, ५ मेगावॉट वीज, करार २५ वर्षांचा. त्यात १६० टन आमचे, ६० टन शेजारच्या पाच नगरपरिषदांचे आणि ८० टन जुन्या डोंगरातले. पालिकेने रोज किमान २७० टनांची हमी द्यायची आणि टनामागे ७०० रुपये मोजायचे. माल कमी पडला तर कमी पडलेल्या टनांचेही ७०० रुपये. सादरीकरणात कोपनहेगनच्या भट्टीच्या छपरावर लोक बर्फाशिवाय स्कीइंग करताना दाखवले. प्रशासन म्हणते, जाळण्याची क्षमता वाढवल्याशिवाय मार्गच नाही. प्रभागातले लोक म्हणतात, धूर नको. मी पहिल्यांदाच निवडून आले आहे आणि सभा तीन आठवड्यांवर आहे. एवढी भट्टी खरोखर लागते का?" (एक नगरसेविका, पश्चिम महाराष्ट्र)

ताई,

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तरी लागत नाही. ३०० टनांची नाही आणि १०० टनांचीही नाही. पण म्हणून "जाळणे वाईटच" असे म्हणत सभेत उभ्या राहू नका. तसे बोललात तर "मग डोंगर तुमच्या घरापुढे टाकू का?" या एका प्रश्नात तुम्हाला खाली बसवतील. शहराच्या कचऱ्यात थोडा भाग असा उरतोच, की तो विकत कोणी घेत नाही, कुजत नाही आणि पुरला तर जागा खातो. तो जाळावाच लागतो. तो किती आहे आणि कोणाच्या भट्टीत जाळायचा, एवढ्यावरच बोलायचे. आणि तो आकडा वजनकाट्यावर मिळत नाही.

काट्यावर दिसणारे १६० टन आधी फोडून बघू. आपल्याकडच्या मध्यम शहरांत ढोबळमानाने निम्म्याहून थोडा जास्त कचरा ओला असतो : भाजीचे देठ, खरकटे, फळांच्या साली, मंडईतला पाला. म्हणजे तुमच्याकडे साधारण ८५ टन. झाडलोटीची धूळ, गटारातला गाळ, बांधकामाचा चुरा असे २८ टन. कागद, पुठ्ठा, बाटल्या, डबे, जाड प्लॅस्टिक असे भंगारवाला पैसे देऊन नेईल असे २० टन. राहिले २७ टन. त्यात वेफर्स-गुटख्याची चकचकीत पाकिटे, मळक्या पिशव्या, चिंध्या, चपला, थर्माकोल, फोम, नारळाच्या करवंट्या. जाळण्याजोगा उरलेला माल म्हणजे हे २७ टन. शेजारच्या नगरपरिषदांच्या ६० टनांना हेच प्रमाण लावले तर तिकडून फार तर १० येतील. एकूण ३७ टन. प्रस्ताव ३०० टनांचा आहे.

हे प्रमाण तुमच्या शहरात पाच-सात टक्के इकडेतिकडे होईल. ते कसे मोजायचे ते पुढे सांगतो. आधी उष्णतेचा हिशेब करू, कारण प्रस्ताव तिथेच अडकतो.

३०० टनांतून ५ मेगावॉट वीज सतत काढायची तर किलोमागे किती उष्णता हवी? कचऱ्याच्या भट्टीत वाफ साधारण ४०० अंशांच्या पलीकडे नेत नाहीत. नेली तर धुरातला क्लोरीन बॉयलरच्या नळ्या खातो. त्यामुळे विजेची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आसपास अडते. या कार्यक्षमतेने ५ मेगावॉटसाठी किलोमागे सरासरी १७०० किलोकॅलरी लागतात, तेही भट्टी एकही दिवस बंद न ठेवता. आता तुमचा कचरा पाहा. भाजीच्या देठात ७५ टक्के पाणी असते आणि किलोभर पाणी उडवायला सुमारे ६०० किलोकॅलरी जातात. म्हणून किलोभर ओल्या कचऱ्यातून हाती राहतात जेमतेम ४५०. धूळ-गाळाची उष्णता शून्य. भंगाराची साधारण ३५०० धरा, उरलेल्या २७ टनांची २५००. सगळ्याची सरासरी काढली तर सुमारे ११०० येते. कचरावेचकांनी आणि भंगारवाल्यांनी आपला माल नेला की तीच साडेसातशेच्या आसपास घसरते.

म्हणजे ही भट्टी पेटती ठेवायची तर भंगारातला कागद आणि प्लॅस्टिक तिच्या तोंडात घालावे लागेल. वर्गीकरण जितके सुधारेल तितकी भट्टी उपाशी राहील. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सदस्य दारोदार जाऊन जो सुका माल वेगळा काढतात, नेमका तोच माल भट्टीवाल्यालाही हवा असतो. प्रस्तावात या भांडणाचा उल्लेख तुम्हाला कुठेही सापडणार नाही.

जागतिक बँकेने १९९९ मध्ये कचरा भट्ट्यांसाठी मार्गदर्शिका काढली होती. तिच्या अटी आजही सल्लागाराला विचारण्यासारख्या आहेत. वर्षाची सरासरी उष्णता किलोमागे किमान ७ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे १६७० किलोकॅलरी. कोणत्याही ऋतूत ती ६ च्या, म्हणजे सुमारे १४३० किलोकॅलरीच्या खाली जाता कामा नये. भट्टीला वर्षाला किमान ५० हजार टन, म्हणजे रोज सुमारे १३७ टन माल मिळायला हवा आणि आठवड्या-आठवड्यातला फरक २० टक्क्यांच्या आत हवा. आपल्याकडे जुलैत उघड्या टिपरमधून येणारा कचरा पाण्याने निथळत असतो आणि दिवाळीच्या आठवड्यात पुठ्ठ्याचा पूर येतो. तुमचा कचरा पहिल्या अटीलाच नापास होतो.

नापास झाल्यावर काय होते, हे दिल्लीने फार पूर्वी पाहिले आहे. १९८७ मध्ये तिमारपूरला डॅनिश तंत्रज्ञानाचा ३०० टनांचा, पावणेचार मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. त्याला किलोमागे सुमारे १४६० किलोकॅलरी हव्या होत्या आणि कचऱ्यातून मिळाल्या ६०० ते ७००. चाचणी सुरू झाल्यावर महिन्याभराच्या आत तो बंद पडला. यंत्र उत्तमच होते, कचरा डेन्मार्कचा नव्हता.

कोपनहेगनचेही तसेच. तिथला कचरा आपल्यापेक्षा दुप्पट उष्ण आणि कोरडा असतो, आणि भट्टीचा खरा धंदा गरम पाण्याचा आहे. शहरभर नळ टाकून ती उष्णता घरोघरी विकली जाते. आपल्याकडे मे महिन्यात गरम पाण्याला गिऱ्हाईक कुठून आणणार? एवढे असूनही डेन्मार्कची क्षमता गरजेपेक्षा जास्त झाली, भट्ट्या भरायला परदेशांतून कचरा आणावा लागला, आणि २०२० मध्ये तिथल्या संसदेतल्या पक्षांनी मिळून ही क्षमता २०३० पर्यंत सुमारे ३० टक्क्यांनी कमी करायचे ठरवले. स्कीइंगचा फोटो पुन्हा पडद्यावर आला की हेही विचारा.

जुन्या डोंगराच्या ८० टनांबद्दल. बायोमायनिंग करताना, म्हणजे डोंगर उकरून चाळताना, निघणाऱ्या मालात माती आणि बारीक चुराच जास्त असतो. जळण्याजोगा भाग १५ टक्के धरला तरी चांगला म्हणायचा. दीड लाख टनांचे १५ टक्के म्हणजे साडेबावीस हजार टन. रोज ८० टन काढले तर तो नऊ-साडेनऊ महिन्यांत संपतो. करार २५ वर्षांचा आहे. न चाळता मातीसकट डोंगर भट्टीत ढकलायचा विचार असेल तरी तो पाच वर्षांत संपेल, आणि त्या पाच वर्षांत मातीचे वितळलेले गठ्ठे जाळीवर बसून भट्टी महिन्यातून कितीदा बंद पडेल ते वेगळेच. डोंगर हटवायचाच आहे, पण त्यासाठी चाळणी लागते, भट्टी नाही.

आता मोजणी. तीन आठवडे आहेत, एवढ्यात एका ऋतूचा आकडा नक्की मिळतो. सात सलग दिवस निवडा, त्यात रविवार आणि बाजाराचा दिवस आलाच पाहिजे. रोज दहा गाड्या ठरवून घ्या : झोपडपट्टी, बंगले, सोसायट्या, मंडई, हॉटेलांची रांग, सगळीकडच्या. प्रत्येक गाडीतून सुमारे १०० किलो कचरा ताडपत्रीवर ओता. फावड्याने ढीग एकत्र करा, सपाट पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग ठेवा आणि दोन टाकून द्या. शंभरेक किलो उरेपर्यंत हे करत राहा. मग हाताने निवडून ओला, धूळ-माती, कागद, जाड प्लॅस्टिक, पातळ प्लॅस्टिक, कापड, काच, धातू, रबर-रेक्झिन, सॅनिटरी असे वेगवेगळे तोला. हातमोजे आणि मास्क घालूनच, आणि काम कचरावेचक महिलांना रोजंदारी देऊन करून घ्या. त्यांच्या हाताइतकी अचूक निवड दुसऱ्या कोणाला जमत नाही. दोन किलोचा नमुना हवाबंद पिशवीत घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. १०५ अंशांवर वाळवून ओलावा काढतात आणि बाँब कॅलरीमीटरवर उष्णता.

इथे एक हातचलाखी होते, ती लक्षात ठेवा. अहवालात उष्णता "कोरड्या आधारावर" छापलेली असते. कोरड्या आधारावर ३००० किलोकॅलरी दाखवणारा कचरा निम्मा पाण्याचा असेल तर गाडीतून येतो त्या अवस्थेत १२०० च्याही खाली असतो. तुम्ही एकच विचारा : "हा आकडा आला तशा ओल्या मालाचा आहे का, आणि निव्वळ, म्हणजे पाणी उडवायला जाणारी उष्णता वजा करून काढलेला, आहे का?" प्रकल्प अहवालात मे महिन्याचा एकच नमुना असेल तर तो ग्राह्य धरू नका. उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळीनंतरचे दिवस, असे तिन्ही नमुने मागा.

आणखी एक युक्तिवाद तुमच्यासमोर येईल : "१५०० किलोकॅलरीच्या वरचा कचरा पुरायला मनाई आहे, म्हणून जाळावाच लागतो." २०१६ च्या घनकचरा नियमांत हे होते खरे, पण ते पुनर्वापर न होणाऱ्या मालाबद्दल. सरसकट मिश्र कचऱ्याला ते लागू करणे म्हणजे नियम उलटा वाचणे. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून निविदा निघेल त्या दिवशी लागू असलेली प्रत प्रशासनाकडून पटलावर ठेवून घ्या.

धुराबद्दल तुमच्या प्रभागातले लोक चुकीचे नाहीत, फक्त भीती नेमकी कशाची ते त्यांना सांगायला हवे. नीट चालणाऱ्या भट्टीच्या धुराड्यातून डोळ्याला फारसे काही दिसत नाही. २०१६ च्या नियमांत दुय्यम कक्षात, म्हणजे धूर पुन्हा जाळायच्या कप्प्यात, किमान ९५० अंश आणि धुराचा तिथे किमान दोन सेकंद मुक्काम ही अट होती. धूलिकण घनमीटरमागे ५० मिलिग्रॅम आणि डायॉक्सिन-फ्युरान ही अतिविषारी रसायने ०.१ नॅनोग्रॅम. ओला कचरा आत पडला की तापमान उतरते, अर्धवट जळलेला धूर पुढे जातो आणि ४५० ते २०० अंशांच्या दरम्यान थंड होताना त्यातच डायॉक्सिन पुन्हा तयार होते. भट्टी सुरू करताना आणि बंद करताना हे सर्वांत जास्त घडते, म्हणून वारंवार बंद पडणारी भट्टी सगळ्यांत वाईट. प्रवेशद्वारावरच्या फलकावर धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड यांचे आकडे चालू दिसतात. डायॉक्सिन त्या यंत्राला दिसत नाही. त्यासाठी माणसाने धुराड्यावर चढून तासन्‌तास नमुना घ्यावा लागतो आणि खास प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, म्हणून तो वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी घेतला जातो. तोही भट्टी उत्तम चालू असताना.

यावर एक साधी तपासणी आहे आणि ती करायला अभियंता व्हावे लागत नाही. धूर धुण्यासाठी चुना आणि सक्रिय कार्बनची पूड फवारतात आणि मग धूर कापडी पिशव्यांच्या फिल्टरमधून जातो. टनभर कचऱ्यामागे साधारण दहा किलो चुना आणि तीनशे ते पाचशे ग्रॅम कार्बन लागतो. म्हणजे ३०० टनांच्या भट्टीत रोज सुमारे तीन टन चुना आणि शंभर-दीडशे किलो कार्बन संपायला हवा. खरेदीची बिले मागा. बिलांत महिन्याला दोन-चार पोतीच दिसली तर फलकावरचे आकडे कितीही हिरवे असोत, धूर धुतला जात नाही. जिथे भट्टी आधीच चालू आहे तिथल्या नगरसेवकांनीही हे करून पाहावे.

आणि "शून्य कचरा, शून्य लँडफिल" ही ओळ प्रस्तावातून खोडायला लावा. आपल्या धुळकट कचऱ्यातून जाळीखाली वजनाच्या २० ते २५ टक्के राख पडते. ३०० टनांमागे ६० ते ७५ टन, रोज. शिवाय फिल्टरमध्ये अडकलेली बारीक राख रोज नऊ-दहा टन. तिच्यात शिसे, कॅडमियम, डायॉक्सिन असल्याने ती घातक कचऱ्याच्या शास्त्रीय भरावात न्यावी लागते. महाराष्ट्रात अशी केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा मोजक्या ठिकाणी आहेत. ही वाहतूक कोणाच्या खर्चाने, याचे उत्तर करारात शोधा. बहुधा ते सापडणार नाही, आणि जे लिहिलेले नसते ते शेवटी पालिकेच्या गळ्यात पडते.

मग त्या ३७ टनांचे काय करायचे? बांधून सिमेंटच्या भट्टीला द्या. तिथे तापमान १४०० अंशांच्या वर असते, धूर आत कितीतरी जास्त वेळ राहतो, आणि राख वेगळी उरतच नाही, ती क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट होणाऱ्या भाजलेल्या खड्यांत, जाते. नवी भट्टी बांधायला लागत नाही, कोळसा वाचतो. गोव्यात साळगावच्या प्रकल्पात २०१६ पासून ओल्या कचऱ्याचा गॅस होतो आणि न विकला जाणारा सुका माल गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांना जातो. तुम्हालाही तीच वाट जवळची आहे.

फक्त एक चूक करू नका. "आमच्या शेजारीच सिमेंट कारखाना आहे" असे कोणी म्हणाले तर तिथे क्लिंकरची भट्टी आहे का ते विचारा. पश्चिम महाराष्ट्रातली बहुतेक सिमेंट युनिटे बाहेरून क्लिंकर आणून नुसती दळतात, त्यांच्याकडे जाळायला काहीच नसते. भट्ट्या चुनखडीजवळ असतात : चंद्रपूर जिल्ह्यात, आणि तुमच्या बाजूने कलबुर्गी, बागलकोट, बेळगावकडे.

कारखाना माल परत पाठवतो तो तीन कारणांनी : ओलावा, माती आणि क्लोरीन. सिमेंटसाठीच्या इंधनाची केंद्राच्या मार्गदर्शिकेतली तिसरी श्रेणी गाठायची तर उष्णता ३००० किलोकॅलरीच्या वर, ओलावा २० टक्क्यांच्या आत, राख १५ च्या आत, क्लोरीन एका टक्क्याच्या आत हवा. त्यासाठी तुम्हाला लागते ती पत्र्याची शेड, १०० मिलिमीटरची फिरती चाळणी, निवडीचा पट्टा, लोहचुंबक, एक श्रेडर आणि गठ्ठे बांधायचा हायड्रॉलिक प्रेस. माल शेडखाली दोन-तीन दिवस पसरून वाळवा आणि मग चाळा. ओला चाळला तर माती प्लॅस्टिकला चिकटून राहते आणि राखेत मोजली जाते. क्लोरीनसाठी रेक्झिन, पीव्हीसी पाइप, चपलांचे तळवे आणि फ्लेक्स पट्ट्यावरच बाजूला काढा. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा लेप दिलेले कापड. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक ट्रकभर फ्लेक्स पुढचे चार ट्रक नापास करू शकतो, हे सभागृहात हसत हसत सांगायला हरकत नाही.

वाळवून-चाळून ३७ टनांचे २५ टनांच्या आसपास इंधन होईल. सैल भरले तर घनमीटरमागे सव्वाशे किलोसुद्धा मावत नाही, म्हणजे मोठ्या ट्रकमध्येही सात-आठ टनच जातात आणि भाड्यातच सगळे बुडते. घट्ट गठ्ठे बांधले तर चारशे किलोपर्यंत जाते, आणि रोजचा सगळा माल एका मोठ्या ट्रकमध्ये बसतो. ज्या क्षमतेसाठी २५ वर्षांचा करार करायला निघालात, ती गरज रोज एका ट्रकची आहे. कारखाना पैसे देईल अशी आशा सुरुवातीला धरू नका. भाडे पालिकेलाच द्यावे लागेल असे धरून हिशेब करा, आणि एका नव्हे, दोन कारखान्यांशी बोलून ठेवा. भट्टी वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद असते, तेव्हाचा माल ठेवायला शेडमध्ये जागा हवी.

ओल्या ८५ टनांकडे मी धावते बघतो, कारण ते काम तुमच्या प्रशासनाला माहीत असायलाच हवे. रोज १०० किलोंच्या वर कचरा करणारी हॉटेले, मंगल कार्यालये, मोठ्या सोसायट्या यांनी आपला ओला कचरा जागच्या जागी जिरवायचा, ही जबाबदारी २०१६ पासून त्यांच्यावर आहे. ती नुसती वसूल केली तरी दहा-पंधरा टन डेपोवर येणे थांबेल. मंडई आणि हॉटेलांचा स्वच्छ ओला माल गॅससाठी, घरांचा खतासाठी. खताचे ढीग आठवड्याला एकदा उलटायचे, ओलावा ५० ते ६० टक्के ठेवायचा, पाच-सहा आठवड्यांत चाळायला येते. काच आणि धूळ मिसळलेले खत शेतकरी एकदाच नेतो. आणि ओला-सुका वेगळा घेऊन पुन्हा एकाच कॉम्पॅक्टरमध्ये दाबू नका. दाबताना देठांचे पाणी पुठ्ठ्यात शिरते आणि घरोघरच्या बायकांनी सकाळी केलेली सगळी मेहनत दहा मिनिटांत वाया जाते. घंटागाडीचे दोन कप्पे डेपोपर्यंत दोनच राहिले पाहिजेत.

मोठा प्रस्ताव पडला की मागच्या दाराने छोटा येतो : प्रत्येक प्रभागात दिवसाला एक-दोन टन जाळणारी, "विजेशिवाय चालणारी, धूर न करणारी" पेटी. तिला नाही म्हणा. तिच्यात ना दोन सेकंदांचा दुय्यम कक्ष असतो, ना चुना-कार्बन, ना पिशव्यांचा फिल्टर. मोठ्या भट्टीचा धोका तिच्यात आहे, मोठ्या भट्टीचे संरक्षण नाही. अपवाद सॅनिटरी पॅड आणि डायपरचा. ते घरातूनच कागदात गुंडाळून वेगळे घ्या आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या मान्यताप्राप्त सामायिक केंद्राशी करार करून तिथल्या भट्टीत पाठवा.

नवी भट्टी कुठेच नको असे आम्ही म्हणत नाही. मुंबई रोज सहा हजार टनांच्या वर कचरा करते आणि तिच्याकडे जागा नाही. तिथला उरलेला माल कोणत्याही सिमेंट कारखान्याला झेपणारा नाही. पिंपरी-चिंचवडच्या मोशीतल्या १४ मेगावॉटच्या प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. खर्च सुमारे ३०० कोटी, वर्षाला सुमारे अडीच लाख टन. रोज हजार टनांच्या वर कचरा करणारे ते औद्योगिक शहर आहे आणि पॅकिंगचा कोरडा कचरा तिथे भरपूर निघतो. तुमच्या प्रशासनाला दौरा काढायचाच असेल तर कोपनहेगनपेक्षा मोशी बरी. तिथे जाऊन पावसाळ्यातल्या रोजच्या विजेचे आकडे, खड्ड्यात साठलेल्या निथळाचे प्रमाण आणि राखेचे डंपर कुठे जातात, एवढेच विचारून या.

करारात सगळ्यात घातक कलम २७० टनांच्या हमीचे. आज काट्यावर तुमचे आणि शेजाऱ्यांचे मिळून २२० टन आहेत. जुना डोंगर संपला की रोज ५० टन कमी, म्हणजे वर्षाला जवळपास १ कोटी २८ लाख रुपये न दिलेल्या कचऱ्याचे. आणि नागरिकांनी उत्तम वर्गीकरण करून जाळण्याजोगे ३७ टनच उरवले तर २३३ टनांचे, म्हणजे वर्षाला ५ कोटी ९५ लाख. शहर जितके शहाणे होईल तितका दंड वाढेल.

म्हणून सभेत नुसता विरोध नोंदवू नका, उपसूचना द्या. शब्द साधारण असे : "तिन्ही ऋतूंतील कचऱ्याच्या घटकांची व आला तशा मालाच्या निव्वळ उष्णतेची तपासणी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून करून घेऊन अहवाल पटलावर येईपर्यंत विषय तहकूब ठेवावा. दरम्यान सुक्या कचऱ्याचे निवड-केंद्र व गठ्ठा प्रेस यास प्रशासकीय मान्यता द्यावी आणि क्लिंकर भट्टी असलेल्या किमान दोन सिमेंट कारखान्यांशी पुरवठ्याची बोलणी करावीत." अनुमोदक आधी ठरवून ठेवा. शक्य तर सत्ताधारी बाजूचा.

बहुमताने प्रस्ताव मंजूर झालाच, तर करारात चार दुरुस्त्या मागा. टनांची हमी काढून टाकावी, किंवा ती दरवर्षी वर्गीकरणाच्या प्रमाणात आपोआप खाली यावी. दोन्ही प्रकारच्या राखेची विल्हेवाट ठेकेदाराच्या खर्चाने व्हावी. तापमान ठरलेल्या पातळीखाली गेले की कचरा आत ढकलणारी यंत्रणा आपोआप बंद व्हावी आणि ती नोंद पालिकेला दिसावी. डायॉक्सिनची तपासणी वर्षातून चार वेळा, त्यातली एक भट्टी सुरू होत असताना, पालिकेने निवडलेल्या प्रयोगशाळेकडून. पालिकेची जमीन ठेकेदाराला बँकेकडे गहाण टाकता येते का, तेही वकिलाकडून वाचून घ्या.

राहिला यंदाच्या उन्हाळ्यातला डोंगर. भट्टी आजच मंजूर झाली तरी ती उभी राहायला काही वर्षे जातील, तोपर्यंत तो पेटतच राहील. आत कुजणाऱ्या कचऱ्याचा मिथेन वर येतो आणि आतल्या उष्णतेने किंवा एखाद्या बिडीने भडकतो. वरून नुसते पाणी मारले तर कवच थंड होते आणि आत धुमसत राहते. फेब्रुवारीतच नवा कचरा जुन्यावर टाकणे बंद करा, त्याला वेगळी जागा आखा. डोंगर मधून कापून पोकलेन जाईल एवढ्या रुंद मोकळ्या पट्ट्या पाडा, म्हणजे आग एका भागात अडेल. उतारांवर वीतभर मातीचा थर द्या. आग लागलीच तर धुमसणारा भाग उकरून बाजूला पातळ पसरा, मग पाणी, मग माती. पोकलेन, मातीचे दहा डंपर आणि एक टँकर मार्च ते जून डेपोवर उभे राहतील अशी तरतूद याच सभेत मागून घ्या. तिला कोणीही विरोध करणार नाही.